दररोजची भाकर

शास्त्रपाठ : निर्गम 16:13-26, मत्तय 6:9-13

प्रभूने शिष्यांस प्रार्थना शिकविली, तीत भाकरीची मागणी एका दिवसापुरतीच आहे. वर्षाच्या कणगीचा उल्लेख नाही. असे का?

अरण्यात इस्राएल लोकांस दर माणशी एक ओमर मान्ना मिळे. उद्याच्या भयाने ज्यांनी तो राखून ठेविला, त्यांच्या मान्नात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र आज्ञेप्रमाणे दुप्पट गोळा केलेला मान्ना नासला नाही. तेव्हा साठविणे हे पाप नव्हे. अविश्वास हे पाप होय. शिवाय मान्ना कोणाच्या तोंडात पडला नाही. ऊन तापण्यापूर्वी उठून तो वेचावा लागे.

ब्रिस्टल शहरी जॉर्ज म्यूलर यांनी 1836 साली अनाथगृह उघडले. त्यांनी मनुष्यांपाशी पैसा न मागता गरज देवापुढे मांडली. तरी आलेल्या देणग्यांचा हिशेब ते काळजीपूर्वक ठेवीत.

प्रियहो, पावसाने ओढ दिली की आपले पाऊल आधी सावकाराच्या ओट्याकडे वळते. गुडघे मागाहून टेकतात. हा क्रम आपण बदलू या. बियाणे, मुलाचे औषध, जी गरज असेल ती बापाला नाव घेऊन सांगू या, आणि मग खुरपे हाती घेऊ या.

आणखी एक गोष्ट. प्रभूने 'माझी' नव्हे, 'आमची' भाकर मागावयास शिकविले. म्हणून ज्याच्या टोपल्यात आज भाकर आहे, त्याच्याच हातून देव उपाशी शेजाऱ्याच्या प्रार्थनेचे उत्तर पाठवू इच्छितो.

प्रश्न : 1. सहाव्या दिवसाचा मान्ना का नासला नाही? 2. या आठवड्यात आपल्या मंडळीत कोणाची चूल पेटली नाही?