वाढ आणि राखण

प्रस्तावना

मालाच्या वाहतुकीसाठी वापरले जाणारे फिकट पिवळसर लाकडाचे खोके तुम्ही पाहिले असेल. त्यातील अनेक खोकी पाइन जातीच्या झाडाच्या लाकडाची असतात. न्यूझीलंड या दूरच्या देशातून अशा पाइनचे ओंडके अनेक वर्षे गुजरातमधील कांडला बंदरात उतरत आले. ही झाडे तेथे माणसाने लावलेली असतात. लावलेले झाड कसे वाढते, त्यात निसर्गाचा वाटा किती व माणसाचा किती, हे या पाठात आपण समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• झाडाच्या वाढीवर हवामानाचा व जमिनीचा होणारा परिणाम सांगू शकाल;
• विरळणी व छाटणी यांचे महत्त्व स्पष्ट करू शकाल;
• वनव्यवस्थापनातील जबाबदारीविषयी आपले मत मांडू शकाल.

मूळ पाठ

रेडिएटा पाइन हे झाड मूळचे अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे. तेथील तीन लहान पट्टे आणि मेक्सिकोची दोन बेटे एवढाच त्याचा नैसर्गिक प्रदेश. उन्हाळे कोरडे, आधार काय तो समुद्रावरून येणाऱ्या धुक्याचा. वाऱ्याशी झुंजत वाढलेली तेथील अनेक झाडे वाकडीतिकडी असतात. इमारती लाकूड म्हणून मायभूमीत या झाडाला फारसे महत्त्व मिळाले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेच झाड न्यूझीलंडमध्ये नेण्यात आले आणि त्याचे जणू भाग्य उजळले. तेथे पाऊस बहुतेक भागांत वर्षभर विभागून पडतो आणि हिवाळाही फारसा कडक नसतो. त्यामुळे झाडाची वाढ जवळजवळ बारा महिने चालू राहते. साधारणतः २५ ते ३० वर्षांत ते तोडणीयोग्य होते. आज त्या देशातील लागवडीच्या वनांपैकी सुमारे नऊ दशांश क्षेत्र या एकाच झाडाने व्यापले आहे.

मात्र एकाच देशातही त्याची वाढ सर्वत्र सारखी नसते. उबदार उत्तर भागात त्याचे लाकूड अधिक घट्ट होते, तर थंड दक्षिणेत ते तुलनेने हलके भरते. खोडाच्या आडव्या छेदात दिसणारी वार्षिक वलये हा या साऱ्याचा लेखाजोखाच होय. अनुकूल वर्षी वलय रुंद होते, टंचाईच्या वर्षी अरुंद.

हवामान अनुकूल असले तरी जमीन साथ देईलच असे नाही. ऑकलंडजवळच्या चिकण मातीत स्फुरदाची कमतरता होती. तेथे लावलेली झाडे खुरटली, पिवळी पडली. सुपर फॉस्फेट हे खत दिल्यानंतर तीच झाडे पुन्हा जोमाने वाढू लागली. याउलट काइंगारोआच्या पठारावरील ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीत कोबाल्ट अपुरे असल्याने चरणारी गुरे आजारी पडत; परंतु पाइनला ती जमीन मानवली. १९३० च्या सुमाराच्या जागतिक मंदीत सरकारने बेकारांना काम देऊन तेथे विस्तीर्ण लागवड करवून घेतली.

लागवड झाली म्हणजे काम संपले असे नाही. रोपे आरंभी दाट लावतात. हेक्टरी हजारच्या आसपास. दाटीमुळे ती प्रकाशाच्या ओढीने सरळ वाढतात व फांद्या बारीक राहतात. पण दाटी तशीच राहिली, तर पाणी, प्रकाश व अन्न यांसाठी स्पर्धा होऊन सारीच झाडे किडकिडीत राहतात. म्हणून योग्य वेळी दुबळी व वेडीवाकडी झाडे काढून टाकतात. यालाच विरळणी म्हणतात. शेवटी हेक्टरी साधारण तीनशे झाडे उरतात. राहिलेल्या झाडांच्या खालच्या फांद्या छाटल्या, की खोडावर गाठ नसलेले लाकूड चढते. मात्र छाटणीला उशीर झाल्यास गाठी आत कायमच्या राहतात. चुकलेली वेळ झाड परत देत नाही.

ओलसर हवा वाढीला पोषक, तशी रोगालाही. १९६० च्या दशकात एका बुरशीने पाइनच्या सुयांसारख्या पानांवर तांबडे पट्टे उमटू लागले व पाने गळू लागली. तेव्हा विमानातून तांबेयुक्त औषधाची फवारणी करण्यात आली. विरळणी व छाटणीमुळे हवा खेळती राहून रोगाला आळा बसतो, हेही ध्यानात आले.

आता याच कथेची दुसरी बाजू पाहू. गिझबर्नच्या परिसरातील डोंगरांवरचे मूळ जंगल तोडून पूर्वी कुरणे केली होती. मार्च १९८८ मध्ये ‘बोला’ चक्रीवादळ आले आणि ठिसूळ डोंगर ढासळले. माती धरून ठेवण्यासाठी तेथे पाइन लावण्यात आले. मुळांनी ते काम चोख केले. पुढे झाडे तोडणीस आली आणि उतारच्या उतार एकदम मोकळे झाले. तोडणीनंतर जुनी मुळे कुजतात, तर नवी मुळे जमीन पकडायला काही वर्षे लागतात. त्या मधल्या काळात डोंगर निराधार असतो. जून २०१८ मधील अतिवृष्टीत आणि फेब्रुवारी २०२३ मधील ‘गॅब्रिएल’ चक्रीवादळात डोंगरावर टाकून दिलेल्या फांद्या व ओंडके पुराबरोबर वाहत आले. पूल, शेते व समुद्रकिनारे त्यांनी भरून गेले. जी झाडे रक्षणासाठी लावली, त्यांचेच अवशेष खालच्या वस्तीवर कोसळले. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने २०२३ मध्ये त्या भागातील मोठ्या सलग क्षेत्रांवरची तोड थांबवून ती लहान तुकड्यांत करावी, अशी शिफारस केली.

पाऊस किती पडावा हे माणसाच्या हाती नाही. काय लावावे, किती राखावे, केव्हा व कसे तोडावे, हे मात्र त्याच्या हाती आहे. झाड तोडल्यावरही ही जबाबदारी संपत नाही.

शब्दार्थ

स्फुरद – वनस्पतींना आवश्यक असे एक पोषक द्रव्य, फॉस्फरस
विरळणी – दाट लागवडीतील काही झाडे काढून टाकणे
खुरटणे – वाढ थांबणे
अवशेष – उरलेले भाग

स्वाध्याय

१. एकच झाड दोन प्रदेशांत वेगवेगळे का वाढते?
२. ‘चुकलेली वेळ झाड परत देत नाही.’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरात लावलेल्या एखाद्या झाडाची पाहणी करा. त्याच्या वाढीतील निसर्गाचा व माणसाचा वाटा आठ-दहा ओळींत लिहा.