मोटरीची तार आणि ब्रेकर

मोटरीच्या अंगावर पत्र्याची एक पाटी असते. ती पुसून वाचा. अश्वशक्ती ५, फेज ३, अँपिअर ७.५ असे काहीसे लिहिलेले असेल. चालताना मोटर एवढी वीज ओढते. सुरू होताना मात्र क्षणभर पाच-सहा पट ओढते. रुतलेली गाडी हलवताना बैल जादा जोर लावतो ना, तसेच हे.

अशा मोटरीला तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची तार चालते. ॲल्युमिनियमची असेल तर ४ ची घ्यावी. विहीर लांब असेल तर आणखी जाड. लांब बारीक तारेत विजेचा दाब वाटेतच घटतो, मग मोटर जास्त वीज ओढते आणि तापते.

ब्रेकर कशाला? तार जळू नये म्हणून. तारेला सोसेल त्याहून मोठा ब्रेकर कधीच नको. वरच्या तांब्याच्या तारेला १६ अँपिअरचा, 'सी' जातीचा पुरे. मोटरीला जपतो तो स्टार्टरमधला रिले. त्याचा काटा पाटीवरच्या अँपिअरवर ठेवावा.

ब्रेकर सारखा पडतो म्हणून काही जण ३२ चा बसवतात. फ्यूज असेल तर जाड तार गुंडाळतात. आम्हाला हे मुळीच पसंत नाही. पंपात गाळ अडकला असेल, एखादा फेज गेला असेल, ते आधी पाहावे. नाहीतर ब्रेकर पडत नाही, तार तापत राहते, आवरण वितळते. उघड्या तारेवर ओला पाय पडला तर माणूस जातो.

अर्थिंग निराळे. ते ब्रेकर असला तरी हवेच.