टेम्पो ट्रॅव्हलरमधला एकटा जीव

१. आपला तालुका आपल्याला माहीत आहे असं सर्वांत जास्त वाटतं ते तिथंच राहणाऱ्याला. माझं गाव जुन्नर तालुक्यातलं निमगाव सावा. बाइकला किक मारायची आणि एकट्यानं सुटायचं, ही माझी जुनी चाल. २०१८ साली सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं, तेव्हा मला हसू आलं: म्हणजे आता आम्ही राहतो तेही बघायला लोक येणार! मग एका मित्रानं अशाच दहा-बाराजणांच्या सहलीत मला कोंबलं. रस्ता दाखवायला, असं तो म्हणाला.

२. एकटा माणूस स्वतःच्या आवडीचंच बघतो. नाणेघाटात मी नेहमी सरळ कड्यावर जायचो, कोकणाकडे तोंड करून वारा खायचो. तिथल्या लेण्यात डोकावणं फक्त पाऊस आला तर. या मंडळींत एक निवृत्त शिक्षक होते, ब्राह्मी वाचणारे. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या मंडळींची नावं कोरलेली, त्यांच्या मूर्ती मात्र गेलेल्या. खाली उरलेत नुसते पाय. मग सातवाहन राणी नागनिकेच्या लेखातली यज्ञांची दक्षिणा निघाली: गाई, हत्ती, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांसकट. बँकेतून निवृत्त झालेले एक काका भिंतीला जवळजवळ नाक लावून म्हणाले, "अहो, हे तर खर्चाचं रजिस्टर आहे!" त्या दिवशी कडा बघायचा राहिला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही, याचंच आश्चर्य वाटलं.

३. गटात सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या चालीनं चालावं लागतं. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर एक आजी दर थोड्या वेळानं बसायच्या. सोबत कुणी हवं म्हणून मीही बसलो, आधी नाइलाजानं. त्या समोरचा शिवनेरी, खालच्या द्राक्षबागा बघत एकेक विचारत गेल्या. मी मालकासारखी उत्तरं देत होतो. बागांना पाणी कुठनं येतं या प्रश्नापर्यंत तरी.

४. मासवडी एकट्यासाठी कुणी करत नाही. तीळ-खोबऱ्याचं सारण, ओल्या फडक्यावर थापलेलं बेसन, वर रस्सा आणि बाजरीची भाकरी, एवढा घाट घालायला पंगत लागते. एकटा फिरणारा मी वर्षानुवर्षं टपरीवर उभ्यानं वडापाव खाल्ला.

५. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या मी लहानपणापासून बघतोय. ४५ मीटर व्यासाच्या, एकूण ३०. सहलीतल्या एकानं विचारलं, "तुमच्याच भागातलं ना? मग सांगा, ही जाळी कशाला, सबंध पत्रा का नाही?" मी आभाळाकडे बघितलं. शेवटी आमच्यातल्याच एका शाळकरी पोरीनं उलगडून सांगितलं: इथं येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या लांब असतात की जाळीच्या बारीक भोकांतून निसटत नाहीत, वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी थोरली तबकडी हलकी ठेवता येते.

६. पन्नासजणांची बस असती तर ती पोरगी बोलली असती का, कोण जाणे. आणि गाडीतली अंताक्षरी? ती मला अजूनही सहन होत नाही. भीमाशंकरच्या फेरीला येतो म्हणालोय, पण जागा ड्रायव्हरशेजारची सांगून ठेवलीय.