कर्नल बदलला, पंखा दिसेना

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचा कर्नल अद्ययावत केल्यावर पंख्याच्या वेगाची ओळ पडद्यावरून नाहीशी झाली, तर बिघाड बहुतेक वेळा वाचनातला असतो, पंख्यातला नसतो. पंखा फिरवण्याचे काम मदरबोर्डवरची एक लहान चिप आपल्या बळावर करत असते. कर्नल तिला फक्त आकडा विचारतो. विचारणे बंद पडले तरी फिरणे चालू राहते. एक अपवाद मात्र महत्त्वाचा आहे. पंख्याचा वेग ठरवण्याचे काम ज्या यंत्रावर फॅनकंट्रोलसारख्या सेवेकडे किंवा घरी लिहिलेल्या स्क्रिप्टकडे सोपवलेले असते, तिथे वाचन गेले की नियंत्रणही जाते.

पंख्याच्या तारांपैकी एक तार वेगाची खूण परत पाठवते. साधारणपणे दर फेरीला दोन स्पंद येतात, चिप ते मोजते आणि मिनिटाच्या फेऱ्यांचा, म्हणजे आरपीएमचा, आकडा तयार ठेवते. ही चिप म्हणजे सुपर आयओ. डेस्कटॉप मदरबोर्डांवर ती बहुधा नुव्होटॉन किंवा आयटीई कंपनीची असते, आणि तिच्याशी बोलणारे ड्रायव्हर एनसीटी६७७५ व आयटी८७ या नावांचे. प्रोसेसरचे तापमान मात्र तिच्याकडून यावे लागत नाही. ते प्रोसेसरच्या आतूनच मिळते. इंटेलसाठी कोअरटेम्प आणि एएमडीसाठी के१०टेम्प हे ड्रायव्हर ते वाचतात. म्हणून कर्नल बदलल्यावर ‘सेन्सर्स’ ही कमांड चालवली की तापमानाच्या ओळी जागेवर दिसतात आणि पंख्यांचा सगळा गट गायब असतो. अर्धे दिसते आणि अर्धे दिसत नाही, त्यामुळे पंखाच गेला असा समज होतो आणि नवा पंखा विकत आणला जातो. तो पंखाही अर्थात दिसत नाही.

ओळच नसणे आणि ओळीत शून्य असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ओळ नसेल तर ड्रायव्हर लोड झालेला नाही, किंवा त्याला चिप सापडलेली नाही. शून्य आले असेल तर ड्रायव्हर आहे, चिप उत्तर देते आहे, आणि प्रश्न पंख्याचा किंवा मोजणीचा आहे: त्या जागी पंखाच जोडलेला नसेल, वेगाची तार तुटली असेल, भार कमी म्हणून पंखा मुद्दाम थांबवला असेल, किंवा जुन्या चिपवर मोजणीचा भाजक मंद पंख्याला जुळत नसेल. शून्य दिसत असताना ड्रायव्हर शोधत बसणे आणि ओळ नसताना पंखा उघडणे, दोन्हीत वेळ वाया जातो.

काही टाइप करण्याआधी पंखा डोळ्यांनी पाहावा. बुलढाणा जिल्ह्यात ही पायरी गाळून चालत नाही. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर भागात, उन्हाळा त्यातल्या त्यात सुसह्य असतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यातल्या पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. खोलीतली हवा दहा अंशांनी तापली की त्याच भाराखाली प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. जानेवारीत ज्या यंत्राचा पंखा आठवडाभर न मोजता चालून गेला, त्याला मे महिन्याच्या दुपारी ती सवलत मिळत नाही. त्यात घाटाखाली कापसाची भर. जिनिंगच्या आसपासच्या कार्यालयांत हंगामभर रुईचे बारीक तंतू हवेत असतात आणि ते हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखे बसतात. अशा यंत्रात पंखा नेटाने फिरतो, आरपीएमचा आकडाही चोख येतो, पण हवा पलीकडे जात नाही. आरपीएम म्हणजे गारवा नव्हे. सेन्सर परत मिळाला म्हणून समाधान मानणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

पंखा फिरताना दिसला की संगणक पुन्हा सुरू करून बायोसच्या सेटअपमध्ये जावे. तिथे ‘हार्डवेअर मॉनिटर’ अशा काहीशा नावाचे पान असते. त्या पानावर वेग दिसत असेल तर पंखा, तार आणि चिप तिन्ही ठीक आहेत. शोध फक्त कर्नलमध्ये घ्यायचा.

त्यानंतरची कसोटी जुन्या कर्नलची. सुरुवातीच्या ग्रब मेनूत प्रगत पर्यायांखाली आधीचा कर्नल सहसा शिल्लक असतो. त्यावरून यंत्र सुरू केल्यावर पंखे दिसले तर दोष नव्या कर्नलच्या बाजूला आहे हे निश्चित होते, आणि दरम्यान काम करायला एक चालते यंत्र हाताशी राहते. तिथेच ‘एलएसमॉड’ चालवून कोणता ड्रायव्हर लोड आहे ते कागदावर उतरवून घ्यावे. हे नाव हाती नसेल तर पुढचा सगळा शोध अंदाजाने होतो.

नव्या कर्नलवर परत येऊन तोच ड्रायव्हर ‘मॉडप्रोब’ने हाताने लोड करून पाहावा. तो मुकाट्याने लोड झाला आणि पंखे दिसू लागले, तर तो सुरुवातीला आपोआप लोड होत नव्हता एवढाच प्रश्न. ‘मॉड्यूल्स-लोड’च्या फोल्डरमध्ये त्याचे नाव एका ओळीत लिहिले की काम झाले. असे मॉड्यूलच नाही असे उत्तर आले तर फाइलच नाही: काही वितरणांत कमी वापराचे ड्रायव्हर वेगळ्या जादा पॅकेजमध्ये ठेवलेले असतात आणि अद्ययावत करताना ते पॅकेज मागे राहते. ‘असे उपकरण नाही’ किंवा ‘उपकरण व्यस्त आहे’ असे उत्तर आले तर मात्र त्या शब्दांवर विसंबू नये. चिप जागेवर असूनही ही उत्तरे येतात, आणि खरे कारण ‘डीमेसेज’ने दाखवलेल्या कर्नलच्या नोंदींत असते. तिथे एसीपीआयशी संघर्ष झाल्याचा इशारा दिसला, तर गाठ या विषयातल्या सर्वांत जुन्या दुखण्याशी आहे.

ते दुखणे सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या २.६.३१ या कर्नलपासून सार्वत्रिक झाले. तोवर सेन्सरचे ड्रायव्हर चिपशी थेट बोलत. पण अनेक मदरबोर्डांवर बायोसमधला एसीपीआयचा कोडही त्याच चिपशी बोलत असतो, तापमान पाहण्यासाठी किंवा पंखा हलवण्यासाठी. चिपपर्यंत जाण्याची वाट अरुंद आहे. सोळा-आधारी मोजणीत २९५ आणि २९६ असे दोन पोर्ट बहुतेक ठिकाणी असतात: पहिल्यावर कप्प्याचा क्रमांक लिहायचा, दुसऱ्यावरून त्या कप्प्यातला मजकूर वाचायचा किंवा तिथे लिहायचा. एकाने वहीचे पान उघडावे आणि लिहिण्याआधी दुसऱ्याने ते उलटावे, म्हणजे पहिल्याची नोंद भलत्याच पानावर पडते. इथे नेमके तेच होऊ शकते. चुकीचे वाचन झाले तर खोटा आकडा दिसतो, चुकीचे लेखन झाले तर पंख्याचा वेग किंवा व्होल्टेजची मर्यादा बदलू शकते. २.६.३१ पासून कर्नलने कडक पवित्रा घेतला: जो पत्ता एसीपीआयने आपला म्हणून जाहीर केला आहे, तिथे थेट ड्रायव्हरला प्रवेश नाही. अद्ययावत केल्यावर पंखे गेले अशी तक्रार तेव्हा इतक्यांनी केली की एलएम-सेन्सर्स प्रकल्पाच्या नेहमीच्या प्रश्नोत्तरांत तिला स्वतंत्र जागा मिळाली. म्हणजे कर्नलने इथे काही मोडले नव्हते, जाणूनबुजून दार लावले होते.

ते दार उघडण्याची किल्लीही कर्नलमध्येच आहे. सुरुवातीच्या ओळीत ‘एसीपीआय एन्फोर्स रिसोर्सेस’ हा पर्याय ‘लॅक्स’ असा दिला की ड्रायव्हर लोड होतो आणि पंखे दिसू लागतात. झटपट उपाय म्हणून तो तोंडोतोंडी फिरतो, आणि बहुतेकांच्या यंत्रावर वर्षानुवर्षे काही होतही नाही. तरीही हिशेबाचे, बिलांचे किंवा दस्तऐवजांचे यंत्र असेल तर तो कायमचा ठेवू नये, असेच इथे मत आहे. पडद्यावर एक आकडा दिसावा म्हणून पंख्याच्या नियंत्रणात दोघांना हात घालू देणे महाग सौदा आहे. शिवाय हा पर्याय एका चिपपुरता राहत नाही, यंत्रातल्या सगळ्याच संघर्षांकडे डोळेझाक करतो. आयटी८७च्या नव्या आवृत्त्यांत फक्त त्या ड्रायव्हरपुरता संघर्ष दुर्लक्षित करण्याचा वेगळा पर्याय आहे. धोका तोच असला तरी त्याचा पसारा लहान राहतो.

खरा उपाय बायोसच्या परवानगीने, त्याच्याच दारातून आत जाण्याचा. आसुसच्या जुन्या मदरबोर्डांसाठी २.६.३० मध्येच एटीके०११० नावाचा असा ड्रायव्हर आला होता. पुढच्याच आवृत्तीत ज्यांचे पंखे गेले त्यांच्यातल्या अनेकांना तोच हवा होता. आसुसच्या नव्या बोर्डांसाठी जानेवारी २०२२ मधल्या ५.१६ या कर्नलपासून एनसीटी६७७५ ड्रायव्हर डब्ल्यूएमआय या बायोसच्याच मार्गाने चिप वाचू लागला, मात्र बोर्डाचे नाव त्याच्या यादीत असेल तरच. ५.१५वर अडकलेल्या अशा यंत्राला जुन्या कर्नलवर मागे नेण्यात अर्थ नाही, त्याला पुढचाच कर्नल द्यावा लागतो.

संघर्षाचा इशारा नसेल तर नावांचा घोळ तपासावा. नुव्होटॉनच्या एनसीटी६७७५ आणि ६७७६ या चिपा पूर्वी विनबॉन्ड घराण्याच्या डब्ल्यू८३६२७ईएचएफ ड्रायव्हरने चालत. २०१३ मध्ये ३.१० कर्नलबरोबर ग्युंटर रोएक यांचा स्वतंत्र ड्रायव्हर आला, आणि काही वर्षांनी जुन्यातून त्या चिपांचा आधार काढून टाकला गेला. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी सेटिंगमध्ये लिहिलेले जुने नाव तोवर निमूट काम करत होते. कर्नल बदलला आणि ते नाव निरुपयोगी झाले. नवे नाव लिहिले की पंखे परत येतात.

कर्नलबाहेरचा ड्रायव्हर हे आणखी एक कारण. काही नव्या आयटीई चिपांना मूळ आयटी८७ ओळखत नाही, म्हणून बाहेरून आणलेली सुधारित प्रत डीकेएमएसच्या मदतीने बसवली जाते. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी ती पुन्हा घडवते, पण त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात. ग्रामीण भागात नेट मंद असते, अद्ययावत चालू असताना लाइट जाते, यूपीएसची बॅटरी म्हातारी असते; कर्नल उतरतो आणि हेडर राहून जातात. ‘डीकेएमएस स्टेटस’ने हे लगेच कळते. मॉड्यूल घडले पण किल्ली नाकारली असे उत्तर आले, तर सिक्युअर बूट चालू आहे आणि मॉड्यूलवर मान्य सही नाही. तेव्हा सही करून किल्ली नोंदवावी; केवळ पंखा दिसावा म्हणून सिक्युअर बूट बंद करू नये.

फॅनकंट्रोल आणि घरगुती स्क्रिप्टचा धोका वेगळा आहे. एचडब्ल्यूमॉन१, एचडब्ल्यूमॉन२ हे क्रमांक ड्रायव्हर ज्या क्रमाने लोड होतात त्या क्रमाने मिळतात. कर्नल बदलला की क्रम बदलू शकतो. काल ज्या क्रमांकावर मदरबोर्डची चिप होती, तिथे आज एनव्हीएमई डिस्क असू शकते. फॅनकंट्रोल सुरू होताना नाव आणि मार्ग ताडून पाहते आणि जुळले नाही तर चालायलाच नकार देते. थांबताना ती पंखे मूळ पद्धतीवर किंवा पूर्ण वेगावर सोडून देते; आवाज वाढतो, पण यंत्र सुरक्षित राहते. घरगुती स्क्रिप्ट असे काही पाहत नाही. ती डिस्कचे गार तापमान वाचून प्रोसेसरचा पंखा मंद ठेवू शकते. म्हणून स्क्रिप्टमध्ये क्रमांक लिहू नये. प्रत्येक फोल्डरातल्या ‘नेम’ फाइलमधून चिपचे नाव वाचून ती शोधावी.

काहीच जमेना म्हणून ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ला प्रत्येक प्रश्नावर होकार देत सुटणे बरे नाही. ती कमांड चिप शोधण्यासाठी पोर्ट आणि बस चाचपते, आणि चाचपणी नेहमी निरुपद्रवी नसते. जुन्या काळी आयबीएमच्या काही थिंकपॅडवर अशा चाचपणीने ईईप्रॉममधला मजकूर बिघडून लॅपटॉप सुरूच होईनासे झाले होते. म्हणूनच कर्नलमधला पीआयआयएक्स४ हा बसचा ड्रायव्हर आयबीएमचे यंत्र ओळखून लोड व्हायला नकार देऊ लागला. जिथे ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ने सुचवलेले उत्तर ‘नाही’ असेल, तिथे ‘नाही’च ठेवावे.

लॅपटॉपवर यातले बरेच लागू पडत नाही. तिथे पंखा एम्बेडेड कंट्रोलरच्या ताब्यात असतो आणि वाचन कंपनीनिहाय ड्रायव्हरमधून येते: थिंकपॅडला थिंकपॅड-एसीपीआय, डेलला डेल-एसएमएम. डेलच्या काही मॉडेलांवर पंख्याची विचारणा केली की यंत्र क्षणभर गोठते, म्हणून त्या मॉडेलांची यादीच कर्नलमध्ये आहे आणि त्यांच्यावर पंख्याचे वाचन मुद्दाम बंद केलेले असते. यादीत नाव आले असेल तर ती ओळ परत आणण्याचा हट्ट धरू नये.

अद्ययावत करण्याआधी ‘सेन्सर्स’ आणि ‘एलएसमॉड’ यांचा मजकूर एका फाइलमध्ये साठवावा, हेडर आधी उतरवून घ्यावेत, आणि घाटाखाली असाल तर हे काम सकाळी, यूपीएस भरलेला असताना करावे. पंखे दिसेनासे झाले तरी प्रोसेसरचे तापमान दिसतच असते. शोध संपेपर्यंत त्यावर नजर ठेवून जड कामे पुढे ढकलावीत. प्रोसेसर फार तापला तर आधी स्वतःचा वेग उतरवतो आणि शेवटी यंत्र बंद करतो, त्यामुळे जळण्याची भीती कमी. अर्धवट राहिलेल्या नोंदींची भीती जास्त. जुने कर्नल काढून टाकणारी आपोआप सफाई तोवर चालवू नये. नव्या कर्नलवर पूर्ण भाराखाली एक कडक दुपार काढून आकडे साठवलेल्या फाइलीशी ताडले, मगच जुना कर्नल काढावा.