पाणी ओसरल्यावर : घर आधी सुकवू या, मग सजवू या



26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मि.मी. पाऊस झाला. जुलै 2018 मध्ये आपल्या वसई-विरार परिसरातही कित्येक घरांत पाणी शिरले. पाणी ओसरले की संकट टळले, असे आपल्याला वाटते. परंतु ओल भिंतींत अनेक आठवडे मुरून राहते आणि तिच्यामागून आजार येतात. म्हणून घर लवकर चकचकीत करण्यापेक्षा ते नीट सुकवणे महत्त्वाचे आहे. त्याचा क्रम आपण समजून घेऊ या.

पहिली गोष्ट विजेची. मेन स्विच बंद असल्याशिवाय घरात वावरू नये. स्विचपर्यंत जाण्यास पाण्यातून जावे लागत असेल, तर वीज कर्मचाऱ्यांना बोलवावे. भिजलेला फ्रीज, मिक्सर किंवा पंप वायरमनने तपासल्याखेरीज सुरू करू नये.

दुसरी गोष्ट स्वतःच्या जिवाची. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र व सांडपाणी मिसळलेले असते. 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. म्हणून गमबूट व हातमोजे घालूनच कामाला लागावे, जखमा झाकाव्यात. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात का, हे डॉक्टरांना विचारावे. पुढील तीन-चार आठवड्यांत ताप आला, तर पुरात वावरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सामान उचलताना काठीने हलवून पाहावे. खाली साप असू शकतो.

आता सफाई. सामान हलवण्यापूर्वी नुकसानीचे फोटो काढून ठेवावेत. पंचनामा व विम्यासाठी ते उपयोगी पडतात. गाळ ओला असतानाच बाहेर काढावा. सुकला की तो घट्ट बसतो आणि त्याची धूळ उडते. नंतर साबणाच्या पाण्याने फरशी व भिंती धुवाव्यात आणि मगच ब्लिचिंग पावडर वापरावी. गाळावर टाकलेली पावडर वाया जाते. एक लिटर पाण्याला साधारण 15 ग्रॅम पावडर घेऊन ते पाणी दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे. पावडरमध्ये अ‍ॅसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रव कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

शेवटी सर्वांत संयमाचे काम, सुकवणे. पाऊस थांबताच दारे-खिडक्या उघडाव्यात. कपाटे भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. वीज सुरक्षित असल्याची खात्री झाल्यावर टेबलफॅन खिडकीत बाहेर तोंड करून लावावा. भिजलेल्या कापसाच्या गाद्या मोह न धरता टाकून द्याव्यात. ओल्या वस्तूंवर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते; दमेकऱ्यांना व लहान मुलांना तिचा फार त्रास होतो.

रंगकामाची घाई करू नये. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले, तर भिंत अजून ओली आहे. अशा भिंतीवर ऑइल पेंट लावला, तर ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात.

हे सारे एकट्या वृद्धाला झेपणारे नाही. आपले घर धुऊन झाले की शेजारच्या आजी-आजोबांचे दार ठोठावू या. जड गादी बाहेर काढायला दोन तरुण हात पुरेसे आहेत.