उत्तर मुंबईचा दुहेरी मतदारसंघ : एक अभ्यासपाठ



नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांत मुले एक प्रश्न हमखास विचारतात. ज्यांनी घटना लिहिली त्या बाबासाहेबांना निवडणुकीत पाडले कसे? घरातील वडीलधारे उत्तर देतात, "काजरोळकर उभे केले आणि पाडले." उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर ज्या मतदारसंघात ही निवडणूक झाली तो मतदारसंघ कसा होता, तेथे मत कसे टाकत आणि कसे मोजत, हे पाहावे लागते. तो मतदारसंघ आज नाही. सेमाडोहच्या सिपनाकाठी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना मुंबई फार लांबची वाटेल. पण त्या मतदारसंघात जो प्रश्न होता तो आपल्या दारातही आहे. त्याकडे शेवटी येऊ.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 च्या हिवाळ्यात झाली. त्या वेळी आपला अमरावती जिल्हा मध्यप्रदेशात होता. मुंबई शहर व उपनगर मिळून लोकसभेचे तीन मतदारसंघ होते : मुंबई शहर दक्षिण, मुंबई शहर उत्तर आणि मुंबई उपनगर. त्यांतील मुंबई शहर उत्तर हा मतदारसंघ दुहेरी होता, म्हणजे तेथून दोन खासदार निवडून जायचे. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. असे दुहेरी मतदारसंघ देशात 86 होते. राखीव जागेसाठी वेगळा मुलूख कापून न काढता, मोठ्या मतदारसंघातच एक जादा जागा जोडून देण्याची ही रीत होती.

आता मतदान कसे होई ते नीट लक्षात घ्या. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसे. केंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह असे : काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, कम्युनिस्टांचे कणीस आणि विळा, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही मत देता यावे म्हणून ही सोय. दुहेरी मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते मिळत. अट एकच : दोन्ही मते एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. दिलीच तर एक मोजले जाई, दुसरे वाया.

ही अट मुंबईच्या कामगाराला नवीन होती. 1937 साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा अनेक जागांच्या मतदारसंघात आपली सगळी मते एकाच उमेदवारावर एकवटण्याची मुभा होती. अल्पसंख्य समाजाला ही पद्धत तारक होती, कारण थोडे लोकही एकजुटीने आपला माणूस निवडून आणू शकत. बाबासाहेब त्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्षातर्फे भायखळा-परळ भागातून निवडून आले, आणि काँग्रेसने त्यांच्यासमोर उभे केलेले नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू पराभूत झाले. पंधरा वर्षांनी त्याच वस्त्यांत नियम उलटा झाला. ज्या सवयीने पूर्वी बळ दिले, तीच सवय आता मत वाया घालवणारी ठरली.

1952 च्या जानेवारीत मुंबईत मतदान झाले. बाबासाहेबांनी सप्टेंबर 1951 मध्ये हिंदू कोड बिलासह अनेक कारणांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती. सर्वसाधारण जागेवर समाजवाद्यांचे अशोक मेहता आणि राखीव जागेवर बाबासाहेब अशी ती जोडी. समोर काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. शिवाय कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे आणि आणखी काही उमेदवार. निकालाचे मुख्य आकडे असे : गांधी 1,49,138, मेहता 1,39,741, काजरोळकर 1,38,137, बाबासाहेब 1,23,576, डांगे 96,755.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. अशोक मेहतांना काजरोळकरांपेक्षा 1,604 मते जास्त होती, तरी मेहता हरले आणि काजरोळकर जिंकले. कारण मोजणीत आधी राखीव जागा भरत. अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते, त्याला ती मिळे. त्यानंतर उरलेल्या सर्वांत जो पहिला, त्याला दुसरी जागा. बाबासाहेबांची खरी लढत म्हणून काजरोळकरांशीच होती, आणि त्यात ते 14,561 मतांनी मागे राहिले.

या निकालाविरुद्ध बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला. 74,333 मते वाया गेली, हा त्यातला मोठा मुद्दा होता. दोन्ही मते एकाच पेटीत टाकून दुसरे मत जाळावे असा प्रचार मुद्दाम केला गेला, असा कम्युनिस्टांवर आक्षेप होता. अर्ज नामंजूर झाला. आक्षेपाचे खरेखोटे येथे ठरवायचे नाही. पण प्रस्तुत लेखकाला वाटते की सगळा दोष कटकारस्थानावर टाकून आपण मोकळे होऊ नये. काही मते द्वेषाने जाळली गेली असतील, तशी काही मते प्रेमानेही वाया गेली असतील. "माझी दोन्ही मते बाबासाहेबांनाच" म्हणून हत्तीच्या पेटीत दोन्ही पत्रिका टाकणारा भोळा कामगार डोळ्यांसमोर आणा. त्याने बाबासाहेबांना एकच मत दिले आणि जोडीदार मेहतांचे एक मत घालवले. श्रद्धा होती, माहिती नव्हती.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. राखीव जागेवर उमेदवार आपल्या समाजाचा, पण निवडणारे सर्व जातींचे मतदार. मग बहुसंख्यांना जो चालेल तोच निवडून येतो. 1932 च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ सोडून संयुक्त मतदारसंघ पत्करावे लागले, तेव्हापासूनची ही बाबासाहेबांची तक्रार होती. 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा तेच घडले. दुहेरी मतदारसंघ, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर 8,381 मतांनी विजयी, आणि सर्वसाधारण जागेवर या वेळी अशोक मेहता निवडून आले. जोडीदार पोहोचला, बाबासाहेब राहिले. पुढच्याच वर्षी, 1955 मध्ये, फेडरेशनने विधिमंडळांतील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. हा ठराव ऐकून आजही पुष्कळांना धक्का बसतो. भंडाऱ्याचा निकाल डोळ्यांसमोर ठेवला की तो समजतो.

बाबासाहेब 1952 मध्येच राज्यसभेवर गेले. पण मतदारसंघाची गोष्ट पुढे आहे. 1957 च्या निवडणुकीत मुंबई शहर मध्य असा दुहेरी मतदारसंघ होता. तेथून संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दोघे निवडून आले : सर्वसाधारण जागेवर तेच डांगे, आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गो. का. माने. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यात वैर होते ते एका समितीत आले, आणि गिरणगावच्या मतदाराने दोन मते दोन पेट्यांत बरोबर टाकली. बाबासाहेब ते पाहायला नव्हते. (त्याच साली "मुंबई शहर उत्तर" हे नाव दुसऱ्या, एका जागेच्या मतदारसंघाला होते आणि तेथून कृष्ण मेनन निवडून आले. नाव वाचून घोटाळा करू नका.) 1961 च्या कायद्याने देशातील सर्व दुहेरी मतदारसंघ मोडले. राखीव जागांसाठी वेगळे मतदारसंघ ठरू लागले.

आता आपल्या दीक्षेचा याच्याशी संबंध पाहू. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा म्हणून हिंदू धर्माचा माणूसच धरला जाई, 1956 साली शीख धर्म जोडला गेला. बौद्ध नाही. म्हणजे 14 ऑक्टोबर 1956 नंतर ज्याने धम्म स्वीकारला त्याला राखीव जागेवर उभे राहता येईना. 1962 साली नागपूरच्या राखीव जागेवरून विधानसभेवर गेलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने रद्द ठरवली. धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. जो उघड बौद्ध, त्याची जागा गेली. ज्याने कागदावर जुनाच धर्म ठेवला, त्याची राहिली. अनेक घरांत तेव्हा भिंतीवर बुद्ध आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू असे दुहेरी जिणे सुरू झाले, त्याचे हे एक कारण. त्यांना नावे ठेवण्यापूर्वी ही अडचण आठवावी. 1990 साली संसदेने कायदा करून बौद्धांचाही समावेश केला. तेव्हा तुम्हांला कोणी आज सांगितले की बौद्ध लिहिलेत तर सवलत जाईल, तर 1990 चा कायदा दाखवा.

मतदान ही धम्माला परकी गोष्ट नाही, हेही मुलांना सांगा. 25 नोव्हेंबर 1949 च्या घटनासमितीतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की भिक्खुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम ठाऊक होते. विनयपिटकातील चुल्लवग्गात शलाका वाटून, म्हणजे काड्यांनी, बहुमत घेण्याची रीत आहे. त्या काड्या वाटणारा भिक्खू कसा असावा? छंद, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा, आणि कोणी काडी घेतली व कोणी घेतली नाही हे जाणणारा. पहिल्या चार गोष्टी मनाच्या आहेत, पाचवी निव्वळ माहितीची. 1952 च्या मुंबईत ही पाचवीच कमी पडली.

आता आपले दार. सेमाडोह मेळघाट विधानसभा मतदारसंघात येते. ती जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. मेळघाट ज्या अमरावती लोकसभा मतदारसंघात येतो, तो 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे एकच मतदार एका निवडणुकीत कोरकू बांधवांच्या राखीव जागेवर मत देतो आणि दुसऱ्या निवडणुकीत आपल्या. दोन्ही जागा निवडतात मात्र सर्वजण. कोणाच्या राखीव जागेवर कोण निवडायचा हे ठरवताना, आपल्यावर जो अन्याय झाला असे आपण म्हणतो तोच आपण कोरकूंवर करीत नाही ना, हा प्रश्न घरात विचारावा.

पाठ पक्का होण्यासाठी रविवारच्या वंदनेनंतर ओसरीवर पाच डबे मांडा. दोन डब्यांवर निळ्या खडूची खूण करा, ते राखीव उमेदवार. प्रत्येकाला तुरीचे दोन दाणे द्या आणि एकेकाला आडोशाला पाठवा. पहिल्या फेरीत काहीही समजावू नका. मोजताना, कोणी दोन्ही दाणे एकाच डब्यात टाकले असतील तर त्यांतला एक काढून बाजूला ठेवा. मग वरचा नियम सांगून दुसरी फेरी घ्या. दोन्ही निकाल पाटीवर लिहून ठेवा. पुढचा पाठ पुणे कराराचा आहे, तेव्हा ती पाटी लागेल.