उपग्रहाने न टिपलेला निळा

तेलंगणातल्या नेरडीगोंड्याच्या एखाद्या मुलीने उपग्रह प्रतिमांवर काम करायचं म्हटलं, तर घरच्यांना पहिली शंका येते: फोटोत रंग भरण्यात कसलं करिअर? पण उपग्रह रंग टिपत नाही, आकडे टिपतो. प्रकाशाच्या कोणत्या पट्ट्यात जमिनीवरून किती प्रकाश परतला, एवढंच. रिसोर्ससॅट-२ वरच्या लिस-४ या आपल्या कॅमेऱ्याचे पट्टे तीन: हिरवा, तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त. निळा नाहीच. त्यामुळे निकट-अवरक्ताला लाल रंग देणाऱ्या नेहमीच्या मांडणीत जवळच्या कुंतालाच्या धबधब्याभोवतीचं जंगल लालभडक दिसतं. ते हिरवं दाखवायचं तर निळ्याची उणीव उरलेल्या पट्ट्यांच्या गणिताने भरावी लागते. युरोपच्या सेंटिनेल-२ मध्ये निळा पट्टा आहे, १० मीटर तपशिलाच्या प्रतिमा मोफतही मिळतात. मात्र हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, म्हणून आधी तो धुरकटपणा वजा करावा लागतो. मग १२ बिटांतल्या ४,०९६ पातळ्या पडद्याच्या २५६ छटांत बसवायच्या. दोन्ही टोकांचे थोडे आकडे सोडून मधले ताणले की चित्राला उठाव येतो. इथल्या काळ्या जमिनी मुळातच गडद. पांढऱ्या ढगाचे आकडे हिशेबात राहिले, तर कापसाची शेतं काळोखात बुडतात.

हे सगळं आता संगणक आपोआप करतो, असा आक्षेप येईल. करतो, आणि चांगलं करतो. पण उन्हाळ्यात सागाची पानं गळतात आणि डोंगर तपकिरी होतात, हे त्याला कुणी सांगायचं? तो तपकिरी रंग बिघाड समजून हिरवा केला तर चूक, आणि जंगल तुटलं असा अर्थ काढला तरी चूकच. सागाच्या रानाजवळ वाढलेल्या मुलांकडे ही समज आधीपासून असते. माझ्या मते तीच त्यांची खरी पुंजी आहे. तिला गणिताची जोड मात्र हवी, कारण उठाव दिलेली प्रतिमा डोळ्यांसाठी असते. पिकाची वाढ मोजताना मूळ आकड्यांकडेच परतावं लागतं.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. नुसती रंगजुळणी शिकून पोट भरणार नाही. ती पीक, जंगल, पाणी यांच्या अभ्यासाची पहिली पायरी आहे. सरकारी जागा मोजक्या असतात, म्हणून बारावीला गणित सोडू नये. पुढे भूगोल, भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी घेऊन मग भूमाहितीशास्त्राकडे वळावं. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र हैदराबादलाच आहे, महाराष्ट्राचं तसं केंद्र नागपुरात. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम घरबसल्या करता येतात, क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. पालकांनी मोठी फी भरण्याआधी एवढं करून पाहावं: आपल्याच मंडलाची ऑक्टोबरची आणि एप्रिलची प्रतिमा मुलीला उतरवून घेऊ द्यावी, तिने दोन्हींचे रंग जुळवावेत आणि बांधावर उभं राहून ते पडताळावेत. त्यात ती किती रमते, ते घरातच दिसेल.